चौरसफुटी नवरदेव

लग्न ठरलेला मुलगा पूर्वी लांबून ओळखू यायचा. मनगटावर नवं घड्याळ, रोज दाढी, आणि फोन वाजला की माणूस गच्चीवर. आता नंदुरबारात असा मुलगा ओळखायचा तर त्याच्या स्कूटरची डिकी उघडावी लागते. आत पाच मीटरची टेप असते आणि एक फुगलेली प्लॅस्टिकची फाइल. फाइलीच्या एका कप्प्यात हॉलच्या ॲडव्हान्सची पावती, बँडवाल्याचं कार्ड, पत्रिकेचे नमुने. दुसऱ्या कप्प्यात सातबारा, एन.ए.ची ऑर्डर, लेआउटचा नकाशा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, फॉर्म १६. हे दोन कप्पे आठवडाभरात एक होतात. आमच्या गल्लीतल्या नमुन्यानं बँकेत उत्पन्नाचा पुरावा म्हणून साहेबापुढे पत्रिकेचा नमुना सरकवला होता. साहेबांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, “मुहूर्त चांगला आहे, पण यावर शिक्का नाही.”

हा नमुना जिल्ह्याच्या वयाचा आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून नंदुरबार वेगळं झालं, त्या पावसाळ्यात हा पाळण्यात होता. जिल्हा झाला म्हणून कलेक्टर ऑफिस आलं, झेडपी आली, मागोमाग नोकरदार आले, नोकरदारांसाठी शेतांचे प्लॉट झाले आणि प्लॉटांना देवांची नावं असलेल्या कॉलन्या. यातल्याच एका सरकारी ऑफिसात तो कनिष्ठ लिपिक आहे. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका, तळोद्याहून अक्कलकुव्याकडे रोज अप-डाऊन. दोघांचे पगार नियमित, आणि दोघांच्या घरच्यांना दोन्ही गोष्टी एकाच वर्षात हव्यात: लग्नही आणि घरही. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यानं दोन्ही एकाच मे महिन्यात करून पाहा, असं काही म्हटलं नव्हतं. तो शहाणा माणूस होता.

या नवरदेवाचं मुख्य लक्षण म्हणजे त्याला रुपये दिसायचे बंद होतात. त्याला फक्त चौरस फूट दिसतात. त्यानं पाहिलेलं रो-हाऊस साडेसातशे फुटांचं, तीस लाखांचं. म्हणजे फूट चार हजाराला. हा आकडा एकदा डोक्यात बसला की माणूस कामातून गेला. बँड चाळीस हजार सांगतो, याला ऐकू येतं दहा फूट: फ्रिज गेला. हॉल एक लाख वीस हजार, म्हणजे तीस फूट: बाथरूम गेलं. दोनशे रुपये पान आणि हजार माणसं, म्हणजे पन्नास फूट: स्वयंपाकघराला कात्री. मित्राच्या लग्नात पंगतीला बसला असताना समोरच्या पाहुण्यानं वरणात सातवी बट्टी कुस्करली, तेव्हा याचा चेहरा असा झाला की वाढप्याला वाटलं, घोटलेल्या वांग्यात मीठ जास्त पडलंय.

वडीलधाऱ्यांचं माप वेगळं. ते इज्जतीत मोजतात. घरातले थोरले जिभाऊ खाटेवर बसून अहिराणीत निकाल देतात, “लगीन एकच दाव व्हस रे पोऱ्या. घर काय पयी जास का कोठे?”

“जिभाऊ, घर नाही पळत. भाव पळतो.”

“मंग बँड नही लावाव का?”

इथे नवरदेव गप्प होतो. बँडाला नाही म्हणायची छाती खान्देशात अजून कोणाची झालेली नाही. खरं सांगायचं तर माझीही नाही. बँड वाजू लागला की सत्तरीचे जिभाऊ ज्या पद्धतीनं रुमाल फिरवतात, ते पाहायला फ्रिजएवढी जागा गेली तरी चालेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. अर्थात फ्रिज माझा नाही.

मामांचा आग्रह घोड्याचा होता. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत त्यांनी एक पांढरा घोडा हेरला होता. “भाड्याने?” नवरदेवानं विचारलं. मामांना तो अपमान वाटला. सारंगखेड्याच्या बाजारात चांगल्या घोड्याची बोली लाखांत चालते, आणि मामा ते आकडे अशा प्रेमानं सांगत होते की नवरदेवानं मध्येच एका घोड्याचे चौरस फूट काढले. बेडरूम निघाली. अटॅच्ड.

आता तिच्याविषयी. लोकांना वाटतं हिशेब नवरदेव करतो. तो फक्त घाबरतो, हिशेब ती करते. सात वर्षं पोरांच्या वह्या तपासल्याचा हात आहे. बिल्डरच्या सेल्समननं दिलेला छापील तक्ता तिनं लाल पेन घेऊन वाचला आणि कार्पेट एरियाभोवती गोल काढला. “यात बाल्कनी धरलीय. रेरात बाल्कनी कार्पेटमध्ये येत नाही.” सेल्समन हसला. तिनं पुढचा प्रश्न टाकला, “आठपेक्षा जास्त घरं आहेत ना तुमची? मग महारेराचा नोंदणी क्रमांक कुठे छापलाय?” सेल्समन म्हणाला, “मॅडम, आपल्याकडे एवढं कोणी विचारत नाही.” “मी विचारतेय ना,” ती म्हणाली, आणि तक्त्याच्या कोपऱ्यात सवयीनं सही करून तारीख टाकली. सेल्समननं तो कागद पालकांची सही आणायला सांगितल्यासारखा घडी करून खिशात ठेवला.

चारचौघांत ती नवरदेवाला ‘तुम्ही’ म्हणते. फोनवर ‘तू’. आणि प्लॉटवर गेल्यावर, “अरे टेप सरळ धर ना.”

यांच्या भेटी सगळ्या अशाच, साइटवर. इतर जोडपी रविवारी तोरणमाळला जातात, यशवंत तलावाकाठी कणीस खातात, फोटो काढतात. हे दोघं साक्री रोड, नळवा रोड, धुळे चौफुली करत हिंडतात. पाच-सहा महिन्यांत त्यांनी एकमेकांना ‘तुला काय आवडतं’ असं विचारलं असेल ते फक्त ओट्याच्या दगडाबद्दल. काळा ग्रॅनाइट, यावर दोघांचं जमलं. ते जमलं तेव्हा पत्रिका जुळली होती त्याहून जास्त आनंद झाला, असं तोच सांगतो.

हिवाळ्यातल्या एका रविवारी मात्र दोन्ही घरचे जागा पाहायला निघाले. नंदुरबारात हिवाळा म्हणजे मिरचीचा मोसम. गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते. लांबून पाहिलं तर जमिनीला लाल गालिचा अंथरलाय असं वाटतं. जवळ गेलं की काही वाटायला सवडच मिळत नाही. एजंट म्हणाला होता, “एकदम मोकळी हवा, फुल व्हेंटिलेशन.” हवा खरोखरच मोकळी होती आणि पथारीवरून येत होती. मंडळी गाड्यांतून उतरली. पहिली शिंक नवरदेवाच्या आईची. दुसरी विहिणीची. मग जिभाऊ, मग मामा, मग एजंट स्वतः.

“शुभ बोलताना शिंक,” नवरदेवाची आई नाकाला पदर लावून म्हणाली. “ही जागा नको.”

“अहो ताई, मोसमात इथे सगळेच शिंकतात,” एजंट म्हणाला आणि पुन्हा शिंकला.

विहीणबाईंना वेगळाच संशय आला. शिंक जागेवर की सोयरिकीवर? त्यांनी तो बोलून दाखवला. एजंटनं दहा वर्षांत भिंती, रस्ते, नळ या सगळ्यांवरची भांडणं मिटवली होती, पण शिंक नेमकी कोणाच्या नावावर चढवायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी जिभाऊंनी डोळे पुसत तोड काढली: “सातजण शिंकनात. येक शिंक अपशकुन, सात शिंका म्हंजे मिरची.” जागा तरीही रद्द झाली. नवरीनं परत येताना एवढंच म्हटलं की बरं झालं, तिथे टेप लावून पाहिली होती, रस्ता नकाशात नऊ मीटरचा आणि जमिनीवर सातचा होता.

मग वकील. लग्नात मुलाचं खानदान पाहतात तसं वकील जमिनीचं पाहतो, आणि तो मुलीकडच्या मामांपेक्षा कडक असतो. तीस वर्षांचे फेरफार काढतो. हा जिल्हा आदिवासी बहुसंख्य, त्यामुळे इथे पहिला प्रश्न ठरलेला: ही जमीन कधी आदिवासी खातेदाराची होती का? महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे परवानगीशिवाय अशी जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही, आणि जाऊ नयेच. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नातवंडांना विचारा म्हणजे तो कायदा का आहे हे कळेल. आमच्या नवरदेवाला धास्ती होती ती वेगळीच. सर्च रिपोर्टची फी देताना त्यानं वकिलाला विचारलं, “साहेब, माणसाचा असा रिपोर्ट निघतो का?” शेजारी नवरी बसली होती. वकील म्हणाला, “निघतो. वीस वर्षांनी, पहिलं कर्ज फिटल्यावर.”

कर्ज पंचवीस लाख. साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता २१,७०० च्या घरात. वीस वर्षांत बावन्न लाख भरायचे, म्हणजे एक घर स्वतःसाठी आणि एक बँकेसाठी. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला, त्यात व्याजावर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे, हे त्यानं ऑफिसात ऐकलं आणि चौरस फूट काढले: पंचेचाळीस! फ्रिज परत, बाथरूम परत, वर पाच फूट शिल्लक. पण त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. “आम्ही कुटुंबात बसतो का?” त्यानं खिडकीपाशी विचारलं. खिडकीतल्या बाईंनी वर न पाहता विचारलं, “लग्न झालंय?” “ठरलंय.” “मग ठरल्यावर नका येऊ, झाल्यावर या.”

खरा घोळ पुढेच आहे. नवरदेवाच्या आईचा हट्ट: सून माप ओलांडेल ती स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर, भाड्याच्या नाही. म्हणजे लग्नाआधी घर. गुरुजी म्हणाले, वास्तुशांत केल्याशिवाय नव्या घरात राहायला जायचं नाही. ठीक, मग वास्तुशांत लग्नाआधी. गुरुजी म्हणाले, वास्तुशांतीला यजमान सपत्नीक बसावा लागतो. ठीक, मग वास्तुशांत लग्नानंतर. मग माप कुठे ओलांडायचं? घरात. आणि घरात जायचं कसं? वास्तुशांत करून. आणि वास्तुशांत कोण करणार? बायको. आणि बायको येणार कशी? माप ओलांडून. हे गोल फिरणारं प्रकरण नवरदेवानं ऑफिसच्या टिपणीसारखं कागदावर मांडलं, खाली ‘आदेशार्थ सादर’ लिहिलं आणि दोन्ही घरांत फिरवलं. कागद परत आला तेव्हा त्यावर फक्त चहाचा डाग होता.

त्यात २०२६ च्या पंचांगानं अधिक ज्येष्ठ काढला. १७ मे ते १५ जून, लग्न नाही, वास्तू नाही. म्हणजे एक तर आखाजीच्या आसपासचे मुहूर्त धरायचे, चव्वेचाळीस अंशांत, बिल्डरचं प्लास्टर ओलं असताना. नाही तर पावसात वऱ्हाड न्यायचं. सासरेबुवांना पावसाचा मुहूर्त बरा वाटत होता. सासूबाईंनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि ते लगेच आखाजीवर आले. नंतर कळलं, धोंड्याच्या महिन्याआधी लग्न झालं तर पहिल्याच वर्षी जावयाला वाण द्यायची हौस भागणार होती. जावयाला विचारलं, चांदीचं ताट हवं की निरांजन? जावई म्हणाला, “किचनचा नळ. फिरता. दोन्ही सिंकवर जाणारा.”

बस्ता बांधायला मंडळी सुरतेला गेली. नंदुरबारकरांचा बस्ता सुरतेचाच, त्यात चर्चा नसते. गाडी नवापूरला थांबली, तिथे अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. मामांनी उतरून दोन राज्यांत एकेक पाय ठेवून फोटो काढून घेतला आणि गाडीनं शिट्टी दिल्यावर कुठल्या राज्यातून चढावं या विचारात थोडक्यात राहिले. दुकानात दुपारपर्यंत साड्यांचा डोंगर झाला. नवरीच्या साडीवर एकमत व्हायचं बाकी होतं, आणि नवरी जागेवर नव्हती. नवरदेवही नव्हता. वाटलं, तरुण मुलं आहेत, गेली असतील कुठे आइस्क्रीम खायला. दोन तासांनी सापडली ती टाइल्सच्या शोरूममध्ये. नवरीच्या हातात आईनं नापसंत केलेल्या शालूचा पदर, तो तिनं दोन बाय दोनच्या टाइलवर पसरलेला, आणि नवरदेव गुडघ्यावर बसून म्हणत होता, “हा आयव्हरी जरा पिवळा मारतो.”

“टाइल की शालू?”

“दोन्ही.”

त्या दिवशी टाइल ठरली. शालू विहीणबाईंनी निवडला. कोणाला राग आला नाही, कारण कोणाचंच लक्ष नव्हतं.

प्री-वेडिंगचा फोटोग्राफर तोरणमाळवर अडून बसला होता. सीताखाईच्या कड्यावर धुक्यात, स्लो मोशनमध्ये. नवरदेवानं पेट्रोल, जेवण, ड्रोन यांची बेरीज करून साडेचार फूट काढले आणि म्हणाला, “आमच्या स्लॅबवर काढू.” काढले. सेंटरिंगच्या बल्ल्यांमधून ती येते आहे, तो वाकलेल्या सळ्यांआडून पाहतो आहे, मागे सिमेंटच्या गोण्या आणि सूर्यास्त. फोटो इतके चांगले आले की बिल्डरनं जाहिरातीच्या फ्लेक्ससाठी मागितले. नवरी म्हणाली, “द्या ना. पार्किंगचे पैसे सोडा.” बिल्डरनं अर्धे सोडले. आता करण चौफुलीवर दोघांचा आठ फुटी फोटो आहे, खाली लिहिलंय, ‘आपल्या स्वप्नातलं कुटुंब’. जिभाऊंनी तो पाहून घरी येऊन विचारलं की पोरगं इलेक्शनला उभं राहतंय का.

राहिली खरेदीखताची गोष्ट. राज्यात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. पण नाव बाईचंच हवं, जोडीला पुरुष चालत नाही. तीस लाखांवर तीस हजार, म्हणजे बँडचे पाऊण पैसे! नवरदेवानं भर जेवणात जाहीर केलं, “घर तिच्या एकटीच्या नावावर घेऊ.” आईच्या हातातली भाकर हातातच राहिली. “अजून अक्षता पडल्या नाहीत आणि घर तिच्या नावावर?” तिकडे सासरेबुवांना आधी आनंद झाला, मग रात्री झोप लागेना: घर पोरीच्या नावावर, म्हणजे कर्जही पोरीच्याच नावावर की काय? होय, कर्जदार दोघंही. त्यांना धीर द्यायला नवरदेवानं प्राप्तिकराचं कोष्टक समजावलं. झोप गेली ती गेलीच.

पुढचा प्रश्न नावाचा. खरेदीखत लग्नाआधीचं, आधारवर माहेरचं नाव, पुढे सासरचं लागणार, मग फेरफार, मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, त्यामुळे आधारच्या बाबतीत आमचा जिल्हा देशात सीनियर. तरी नाव बदलायला रांगेत उभं राहायचं म्हटलं की सीनियॉरिटी कामाला येत नाही. दोन्ही घरांतली पुरुषमंडळी यावर संध्याकाळभर बोलली. नवरी वह्या तपासत बसली होती. शेवटची वही मिटवून म्हणाली, “मी नाव बदलणारच नाहीये. म्हणजे फेरफार नको, राजपत्र नको. किती फूट वाचले?” नवरदेव बोटं मोजायला लागला. आईनं विषय बदलला.

लग्न झालं. बँड वाजला, जिभाऊंनी रुमाल फिरवला, घोडा आला, भाड्यानं. आहेरात भिंतीवरची घड्याळं इतकी आली की घराला तेवढ्या भिंती नव्हत्या. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव सारखा वर पाहत होता. बायकांना वाटलं, भावुक झालाय. तो हॉलच्या छतात उतरलेली ओल पाहत होता.

आणि मापाचा तिढा? तो जिभाऊंच्या म्हाताऱ्या बहिणीनं सोडवला. “उंबरा शे ना? मंग माप ठेवा. वास्तुशांत नंतर करा. रातले झोपाले भाडाना घरमा जा.” घराला तेव्हा खिडक्या नव्हत्या, वीज शेजारून घेतलेली, फरशी अर्धी. पण उंबरा होता, चौकट होती, दुपारीच रंगवलेली. वऱ्हाड थेट तिथे गेलं. तांदळाचं माप ठेवलं. रिवाजाप्रमाणे नणंद आडवी झाली, “दार अडवलंय, आधी माझं काय ते द्या.”

नवरदेव म्हणाला, “मला काय विचारतेस? मालकीण ती आहे.”

सगळ्यांनी नवरीकडे पाहिलं. कोणीतरी ओरडलं, उखाणा! तिनं पदर सावरला आणि वर्गात फळ्यापुढे उभं राहिल्यासारखी खणखणीत आवाजात म्हणाली,

“दोनशे चाळीस हप्त्यांतला पहिला भरला काल,
अमुकरावांचं नाव घेते, चौकट ओली आहे, जरा सांभाळून चाल!”

हसण्यात शेवटचे शब्द कोणी ऐकले नाहीत. नणंद चौकटीला पाठ लावून उभी होती, तिच्या नव्या शरारावर चॉकलेटी पट्टा उठला. विहीणबाईंनी आधारासाठी हात लावला, जिभाऊंनी खांदा टेकवला. नवरीनं माप लोटलं, तांदूळ अर्ध्या फरशीवर आणि अर्धे वाळूत गेले, आणि नवरदेव ओरडला, “डावीकडून, डावीकडून! उजवीकडे वायरिंगचा पाइप आहे!”

मागे शिडीला टेकून पेंटर उभा होता. गर्दी थोडी ओसरल्यावर तो पुढे आला. चौकटीवर उमटलेले सात-आठ जणांचे हात त्यानं मोजले आणि नवरदेवाला डावलून नवरीला विचारलं, “मॅडम, सेकंड कोटचं बिल कोणाच्या नावावर करू?”